भिंतींचा खर्च आणि हातांचा खर्च

ज्या आईबापांना आपले मूल आपल्या आधी जावे असे मनोमन वाटते, आणि तसे वाटते हे ठाऊक असूनही शेजारीपाजारी ज्यांना निष्ठुर म्हणत नाहीत, असे आईबाप वरोऱ्यापासून सिरोंच्यापर्यंतच्या या वनप्रदेशात कोणत्याही तालुक्यात भेटतात. ज्याला कूस बदलायला दुसऱ्याचा हात लागतो, ज्याचा घास दुसऱ्याने मऊ करून भरवावा लागतो, ज्याची प्रत्येक रात्र घरातल्या कोणाच्या तरी जागरणावर निभावते, अशा तीस-चाळीस वर्षांच्या मुलाची आई साठी ओलांडते, तेव्हा ‘आमच्यामागं याचं कोण करणार?’ हा एकच प्रश्न तिच्यापुढे उरतो. आणि त्या प्रश्नाला आपल्या कायद्यांत, सरकारी योजनांच्या तरतुदींत आणि दात्यांच्या संगमरवरी पाट्यांवर मिळून जे उत्तर सापडते ते किती अपुरे आहे, व मुख्यतः का अपुरे आहे, याचा शोध घेण्यासाठी प्रस्तुत लेखसंग्रह सिद्ध झाला आहे.

विषयाची मर्यादा आरंभीच सांगितलेली बरी. कुबडीच्या किंवा चाकाच्या खुर्चीच्या आधाराने जो आपला संसार आपण चालवू शकतो, त्याच्या घराला उतार आणि रुंद दार लाभले की त्याचा निवासाचा प्रश्न बव्हंशी सुटतो. तो या ग्रंथाचा विषय नव्हे. मोहाच्या झाडावरून पडून अगर खाणीत दबून ज्याचा मणका तुटला तो मजूर, मस्तिष्काघातामुळे (सेरेब्रल पाल्सीमुळे) जन्मापासून ज्याची गात्रे आवळलेली आहेत ती मुलगी, ज्याची बुद्धी बालवयातच थांबली पण शरीर वाढतच गेले तो प्रौढ, आणि यांपैकी दोन-तीन व्यंगे ज्याच्या एकट्याच्याच वाट्याला आली तो अभागी जीव, यांच्या बाबतीत ‘घर’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू एकत्र नांदत असतात. एक वस्तू म्हणजे भिंती, छप्पर, न्हाणीघर आणि त्यातल्या कड्या. दुसरी म्हणजे त्या भिंतींच्या आत अहोरात्र उपलब्ध असणारे माणसाचे हात. पहिलीचा खर्च एकदा होतो, दुसरीचा दरमहा, आणि तोही आमरण. आठवड्याचे तास १६८. कामगार-कायद्याने एका माणसाकडून घेता येण्याजोगे तास ४८. म्हणजे एका व्यक्तीच्या उशाशी सदैव एक माणूस असावा असे म्हटले, तर त्या एका जागेसाठी साडेतीन माणसांचा पगार लागतो. चार-सहा जणांनी मिळून राहावे आणि ते हात वाटून घ्यावेत ही सामूहिक निवासाची कल्पना करुणेतून निघाली असे आपण समजतो, पण तिच्या मुळाशी हा साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे. आई हा हिशेब एकटीने आणि बिनपगारी भागवीत असते, म्हणून तो सरकारच्या दप्तरात कधी उमटत नाही.

आपल्याकडील संस्थात्मक निवासाचा इतिहास कुष्ठरोगापासून सुरू होतो, आणि तो दयेपेक्षा भयातून सुरू होतो. १८७४ साली स्थापन झालेल्या ‘मिशन टु लेपर्स’ने हिंदुस्थानात ठिकठिकाणी आश्रयस्थाने उघडली, पाठोपाठ १८९८ च्या लेपर्स अ‍ॅक्टने निर्धन रुग्णांस पकडून कोंडून ठेवण्याची मुभा अधिकाऱ्यांस दिली, आणि तो कायदा रद्दबातल व्हावयास २०१६ साल उजाडावे लागले. या परंपरेला छेद देणारे पहिले मोठे कार्य विदर्भातच झाले. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केले. अमरावतीस शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन उभे राहिले. आणि १९४९ साली महारोगी सेवा समितीची स्थापना करून बाबा आमटे वरोऱ्यालगतच्या खडकाळ जमिनीवर सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये एवढ्या भांडवलावर येऊन बसले. १९५१ च्या जूनमध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले.

आनंदवनाविषयी इतके लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्याचा संकोच वाटावा. तथापि निवासाच्या दृष्टीने त्याकडे क्वचितच पाहिले जाते. ज्यांना गावाने घराबाहेर काढले होते त्यांनीच झडलेल्या बोटांनी विहीर खणली, शेत काढले, भिंती रचल्या. पन्नासाच्या दशकात देशोदेशींचे तरुण स्वयंसेवक येऊन दवाखान्याच्या बांधकामास हात लावून गेले. पुढे लाकूड वाचवून अर्धगोल छपरांची स्वस्त घरे येथे बांधली गेली. १९६७ पासून मूल तालुक्यातील सोमनाथ आणि १९७३ पासून भामरागडच्या अरण्यातील हेमलकसा हा विस्तार झाला. अंध व मूकबधिरांच्या शाळा, अपंगांच्या व्यवसायशिक्षणासाठी संधिनिकेतन, असे एकाशेजारी एक उभे राहत गेल्यामुळे एक गावच वसले. येथे निवास हा उपकार म्हणून मिळत नव्हता, तो श्रमाने कमावलेला हक्क होता. दानाने माणूस खचतो आणि कामाने उभा राहतो, ही बाबांची श्रद्धा आनंदवनाच्या पायाचा दगड आहे. कणा जिवंत ठेवणाऱ्या त्या श्रद्धेपुढे मस्तक नम्र होते; पण प्रस्तुत विषयाच्या अभ्यासकाला तिथेच थांबून एक अडचणीचा प्रश्न विचारावा लागतो. जो काहीच करू शकत नाही, आणि कधीच करू शकणार नाही, त्याचा हक्क कशावर उभा करावयाचा?

हा प्रश्न विचारण्यात अधिक्षेप नाही. स्वतः बाबांच्या पाठीच्या कण्याने दगा दिल्यावर त्यांना बसणे अशक्य झाले, आणि दशकानुदशके ते उभे किंवा आडवे राहूनच देशभर हिंडले. गाडीत बिछाना आणि भोवती माणसे असल्याखेरीज ते फिरणे घडले नसते. याहून मोठी गोष्ट काळाने केली. बहुविध औषधोपचार १९८२ नंतर रूढ झाला, रुग्ण घरी राहूनच बरे होऊ लागले, आणि २००५ च्या अखेरीस कुष्ठरोगाचे सार्वजनिक आरोग्यसमस्या म्हणून निर्मूलन झाल्याची घोषणाही झाली. चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र नवे रुग्ण अद्याप आढळतात, हे येथल्या आशाताईंना विचारावे. वसाहती ओसरल्या, पण त्यांत उरलेले वृद्ध, ज्यांची बोटे आणि पावले केव्हाच गेली आणि आता दृष्टीही जात आहे, ते श्रमाच्या तत्त्वज्ञानातून निघून सेवेच्या तत्त्वज्ञानात येऊन पडले. ज्यांनी स्वहस्ते घर बांधले त्यांनाच आता दुसऱ्याच्या हातांची गरज लागावी, आणि त्या हातांचा पगार सरकारच्या दरडोई अनुदानातून न निघाल्यामुळे संस्थेने वस्तुविक्रीतून आणि देणग्यांतून भागवावा, ही स्थिती केवळ एका संस्थेची नाही.

दुसरी परंपरा मतिमंद बालकांच्या वसतिगृहांची. ती सरकारच्या अनुदानावर वाढली आणि अनुदानाच्या शर्तींनीच आखडली. बालगृहाची मान्यता अठराव्या वर्षापर्यंतची, आणि अठराव्या वर्षी बुद्धी वा गात्रे सज्ञान होत नसतानाही त्या तारखेच्या दिवशी अशा मुलाने कोठे जावे याविषयी नियम मूक. परतवाड्याजवळील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी अनाथ दिव्यांग मुलांना आपले नाव देऊन घरात घेतले, आणि अठरा वर्षांवरील अशा मुलांस आहे त्याच ठिकाणी आजन्म राहू देणारा कायदा करावा ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली; २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, कायदा मिळालेला नाही. या परंपरेची काळी बाजूही सांगितली पाहिजे. शहापूर तालुक्यातील कवडासच्या वसतिगृहातील मुलांच्या उपासमारीची व छळाची वार्ता २०१० साली प्रसिद्ध झाली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली आणि राज्यभरच्या अशा गृहांची झाडाझडती सुरू झाली. जेथे बोलू न शकणारी माणसे आणि न विचारणारे अधिकारी यांची गाठ पडते तेथे काय घडू शकते, याचा तो पुरावा होता. आणि मोठ्या बंदिस्त संस्थांविषयी आज जो अविश्वास तरुण कार्यकर्त्यांच्या मनात आहे, त्याचे मूळ अशाच घटनांत आहे.

तिसरा संप्रदाय पालकांचा. बदलापूरचे ‘आधार’, डोंबिवलीच्या अमेय पालक संघटनेचे खोणी येथील ‘घरकुल’, ही मध्यमवर्गीय आईबापांनी आपली पुंजी एकत्र करून उभारलेली घरे. मुळशी तालुक्यात कोळवणजवळ १९९४ पासून चालणारे ‘साधना व्हिलेज’ हे त्यांच्याच जवळचे, परंतु मोठ्या इमारतीऐवजी लहान लहान कुटुंबे कल्पिणारे. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीवरून उभारलेले कार्य याहून निराळे; तेथे जिला मदत लागते तीच मदतीची रचना ठरविते. ही सारी घरे आदरास पात्र आहेत. मात्र ती मुंबई, पुणे आणि कोल्हापूर यांच्या परिघात आहेत, आणि त्यांपैकी पालकांची घरे तर ज्या ठेवींवर उभी राहिली त्या ठेवी पगारदारांच्या आहेत. आयकराच्या ८० डीडी कलमाखाली तीव्र अपंग अवलंबिताच्या पालकास सव्वा लाखापर्यंत वजावट मिळते. तेंदूची पाने गोळा करणाऱ्या बापाला तिचा उपयोग काय, हे अर्थखात्यास विचारण्याचा मोह आवरतो.

बाहेरच्या जगात या काळात विचाराची दिशा पालटली. स्वीडनमधील बेंग्ट निर्ये यांनी १९६९ च्या सुमारास असे मांडले की मंदबुद्धीच्या माणसालाही इतरांसारखा दिवस, इतरांसारखा आठवडा आणि इतरांसारखे घर मिळाले पाहिजे; १९७२ मध्ये बर्कलीच्या तीव्र अपंग तरुणांनी याहून पुढे जाऊन सांगितले की मदतनीस ठेवण्याचा व काढण्याचा अधिकार आमचा. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराच्या १९ व्या अनुच्छेदात या दोहोंचे सार आले, आणि २००७ मध्ये भारताने तो करार अनुसमर्थित केला. धनयोजनेच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद प्रयोग मात्र ऑस्ट्रेलियाचा. २०१३ च्या कायद्यान्वये तेथे जी राष्ट्रीय दिव्यांग विमायोजना आली, तिने अतितीव्र गरजेच्या व्यक्तींसाठी घराचा पैसा आणि सेवेचा पैसा निरनिराळ्या खात्यांत ठेवला, आणि दोन्हींवर नाव संस्थेचे न घालता त्या व्यक्तीचे घातले. तेथेही सारे आलबेल नाही. घर बांधणारे गुंतवणूकदार पुढे आले आणि नको तेथे घरे बांधून बसले, अशी तक्रार झाली. तरीही खाती वेगळी करण्याची ती युक्ती आपण मनावर घेण्यासारखी आहे, कारण आपले सगळे दुखणे ती खाती एक असण्यात आहे.

आपल्या कायद्यांत उणीव शब्दांची नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याने स्वमग्नता, मस्तिष्काघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांच्यासाठी १०० कोटींचा मूलनिधी ठेवला, जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीस कायदेशीर पालक नेमण्याचा अधिकार दिला, आणि पुढे न्यासाने प्रौढांच्या आजीवन निवासासाठी ‘घरौंदा’ नावाची योजना काढली. मणका तुटलेला मजूर या चार नावांत बसत नाही, ही गोष्ट वेगळी. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने २१ प्रकार मान्य केले आणि त्यांत सिकलसेलचाही समावेश केला, जो गडचिरोलीच्या आदिवासींत घरोघरी ठाऊक आहे आणि ज्याच्या पोटी कधी पक्षाघात, तर कधी खुब्याचे हाड कुजणे येते. या अधिनियमाच्या ५ व्या कलमात समाजात राहण्याचा हक्क आहे, ३७ व्यात घरवाटपातील ५ टक्के राखीव हिस्सा आहे, ३८ व्यात उच्च साहाय्यासाठी दरखास्त करण्याची सोय आहे. मदतनीसाच्या भत्त्याचा उल्लेखही २४ व्या कलमात सापडतो, पण त्या कलमाच्या तोंडाशीच शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेचा अडसर आहे, आणि त्या अडसराला टेकून अंमलबजावणी निवांत बसली आहे.

आता दोन्ही खाती उघडून पाहावीत. भिंतींच्या खात्यात पंतप्रधान आवास योजनेतून गडचिरोलीसारख्या दुर्गम जिल्ह्यात घरकुलास १,३०,००० रुपये ठरले आणि किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. आदिवासींना शबरी, अनुसूचित जातींना रमाई या स्वतंत्र योजना. रक्कम तुटपुंजी असली तरी ती आहे. हातांच्या खात्यात केंद्राचे निवृत्तिवेतन ८० टक्क्यांवरील अपंगास दरमहा ३०० रुपये, वर राज्याच्या संजय गांधी निराधार योजनेची भर. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावेत असा आदेश आहे, पण ज्या पंचायतीचे स्वउत्पन्नच हजारांत मोजावे लागते तिचे ५ टक्के एका गादीस पुरत नाहीत. दात्यांचाही कल भिंतीकडेच: भिंतीवर नाव कोरता येते, रात्रपाळीच्या बाईच्या पगारावर ते कोरता येत नाही. म्हणूनच आपल्याकडे वास्तुशांत झालेली आणि माणसांअभावी कुलूप लागलेली गृहे दिसतात, आणि उलट, हात तयार आहेत पण छप्पर नाही असे दृश्य जवळजवळ दिसत नाही.

या सर्वसामान्य चित्रावर येथल्या भूगोलाची छाया पडते. १९८२ च्या २६ ऑगस्टला चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याच्या मुख्यालयापासून सिरोंचा २०० किलोमीटरच्या घरात आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयाच्या ज्या मंडळापुढे अपंगाला उभे करावयाचे, तेथवर त्याला नेणे हीच एक मोहीम असते, आणि प्रमाणपत्रावाचून वरीलपैकी एकही दार उघडत नाही. अशा ठिकाणी निवास ‘शोधणे’ म्हणजे उपलब्ध घरांच्या यादीतून निवड करणे नव्हे, यादीच नाही. ताडोब्याच्या भोवतालच्या गावांत वाघ-अस्वलाच्या हल्ल्यात कायमचा अपंग झालेल्यास वनखाते नुकसानभरपाई देते, खाणकामगारास कंपनी देते. ती एकरकमी असते, कर्जात आणि लग्नांत विरते, आणि खाटेवरचा माणूस खाटेवरच राहतो. त्या रकमेचा काही भाग सेवेसाठी बांधून ठेवण्याची तजवीज कोणत्याही नियमात नाही.

तरीही हा प्रदेश दरिद्री आहे असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. कोळशाच्या स्वामित्वधनाशिवाय वेगळ्या घ्यावयाच्या अंशदानातून २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले, आणि त्याच्या निधीपैकी किमान ६० टक्के ज्या अग्रक्रमाच्या विषयांवर खर्चावयाचे त्यांत वृद्ध व दिव्यांगांचे कल्याण शब्दशः नमूद होते. चंद्रपुरासारख्या कोळशाच्या जिल्ह्यात हा निधी क्षुल्लक नाही. धानोऱ्याजवळील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा अधिकार हस्तगत केला. ग्रामसभेच्या हाती खेळता पैसा आला की गावातील एका असहाय माणसाच्या सेवेकरणीचा पगार हा ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवरील विषय होऊ शकतो, या शक्यतेवर प्रस्तुत संग्रहातील सर्वांत धीट लेख बेतला आहे. रचनेचे शहाणपणही जवळच आहे. गडचिरोलीजवळील शोधग्रामचा दवाखाना आदिवासींना विचारून झोपड्यांच्या पाड्यासारखा बांधला गेला, कारण मोठ्या इमारतीत त्यांना भय वाटत होते. चिचपल्लीच्या केंद्रात बांबूचे शास्त्र शिकविले जाते. पावसाळ्यात ज्या चिखलात चाकाची खुर्ची रुतते तेथे शहरातील आदर्श नकाशे आणण्यापेक्षा रुंद छपरी, उंबरा नसलेले दार, खाटेजवळ न्हाणी आणि हातपंपापर्यंतची पक्की वाट यांचा विचार आधी झाला पाहिजे.

संग्रहाच्या लेखकांत एकवाक्यता नाही, आणि संपादकांनी ती लादली नाही याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. काहींना आनंदवनाच्या धर्तीची, अरण्यात स्वयंपूर्ण अशी मोठी वसाहतच या जिल्ह्यांना परवडेल असे वाटते: डॉक्टर एक, स्वयंपाकघर एक, आणि एकटेपणा कमी. इतरांना अशी प्रत्येक वसाहत म्हणजे सभ्य रूपातील हद्दपारी वाटते. ते चार-सहा जणांच्या, भाड्याच्याही चालतील अशा, लहान घरांचा आग्रह धरतात. माझे मत, विचारलेच तर, दुसऱ्या पक्षाकडे झुकते. फक्त ती घरे खेड्यात विखुरण्यापेक्षा तालुक्याच्या गावी, ग्रामीण रुग्णालय व बसस्थानक यांच्या टप्प्यात असावीत, म्हणजे आईला भेटीस जाता येईल आणि सेवेकरणीला मुक्कामाला घरी परतता येईल. आणि कोणत्याही गृहाची पायाभरणी होण्यापूर्वी निदान दहा वर्षांच्या पगारांची तरतूद ठेवीत दिसली पाहिजे, ही अट दात्यांनी व सरकारने मान्य करीपर्यंत नव्या इमारतींचा उत्साह थोडा आवरता घ्यावा, असे मला स्पष्ट वाटते. सेवेकरणींविषयीचा लेख या संग्रहात एकच आहे, ही त्याची मोठी उणीव. ज्या स्त्रियांच्या कमरेवर ही सारी रचना उभी आहे त्यांच्या वेतनाचा, रजेचा आणि पाठदुखीचा स्वतंत्र ग्रंथ व्हावयास हवा.

पालकांनी हे पुस्तक आरंभापासून वाचण्याची गरज नाही. स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी करावयाच्या अर्जाचा, ३८ व्या कलमाखालील दरखास्तीचा आणि खनिज प्रतिष्ठानाकडे द्यावयाच्या ग्रामसभेच्या ठरावाचा नमुना शेवटी सुबोध मराठीत दिला आहे. ती पाने फाडून तहसील कचेरीत नेता यावीत म्हणून त्यांची मागची बाजू कोरी ठेवावी, ही सूचना संपादकांनी मान्य केली आहे.